चुआन उस्तादांचं बोलकं मशीन

सू चिन-चुआन यांनी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत काहीही मोजलं नव्हतं. मीठ बोटांनी, साखर डोळ्यांनी आणि माणसं टेबलांनी, असा त्यांचा कारभार. ‘किती माणसं येणार?’ असं ते विचारत नाहीत. ‘किती टेबलं?’ असं विचारतात, आणि टेबलामागे दहा तोंडं धरून भर रस्त्यात ताडपत्री ठोकायला घेतात. लग्न असो, नवं घर असो की देवाचा वाढदिवस, आमच्या दक्षिणेकडच्या ताइनान शहरात रस्त्यावर ताडपत्री दिसली की खाली चुआन उस्ताद आहेत आणि त्यांच्या हातात ती लांब दांड्याची पळी आहे, हे धरून चालायचं. त्या पळीने ते ढवळत नाहीत. ढवळायला माणसं आहेत. त्या पळीने ते फक्त चाखतात.

मी त्यांच्या शेजारी राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या मेजवान्यांच्या लाल पत्रिका कुंचल्याने लिहून देतो, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. पुढे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. उरलेलं, भिंत पातळ असल्यामुळे, ऐकलेलं आहे.

वसंतात वॉर्डाच्या कचेरीने ज्येष्ठांची मोफत तपासणी ठेवली. उस्ताद गेले ते तपासणीबरोबर आंघोळीचा टॉवेल मिळत होता म्हणून. टॉवेल त्याच दिवशी मिळाला. बाकीचं आठवड्याने मिळालं.

“काका, उपाशीपोटी साखर दोनशे चौदा आहे,” तरुण डॉक्टर म्हणाला.

“कितीपैकी?”

“कितीपैकी नसतं हे. शंभराच्या आत हवी.”

उस्तादांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं, असं त्यांची बायको सांगते. शंभरात दोनशे चौदा त्यांना शाळेत कधी पडले नव्हते.

“मला चहाच्या टपरीवरच्या भाषेत सांगा,” ते म्हणाले. “पूर्ण साखर, अर्धी साखर, की नावापुरती?”

“पूर्ण साखर,” डॉक्टर म्हणाला, “आणि वरून पाक.”

त्याने गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, आणि घरी मोजायला एक मशीन घ्या म्हणाला. कुठलं? कुठलंही घ्या काका, पण घ्या. तेवढ्या एका वाक्यावर पुढचे तीन आठवडे उभे राहिले, कारण ज्या माणसाने चाळीस वर्षं बाजारात मासे घेताना प्रत्येक माशाच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं आहे त्याला ‘कुठलंही’ हा शब्द समजत नाही.

तीनच आठवडे होते, कारण तिसऱ्या महिन्याच्या पौर्णिमेला वैद्यदेवाचा वाढदिवस असतो. आमचा हा देव जिवंतपणी डॉक्टर होता आणि अजूनही त्याने प्रॅक्टिस सोडलेली नाही. देवळासमोर ऐंशी टेबलं लागतात. ही मेजवानी सदतीस वर्षं उस्तादांची आहे.

त्यांच्या बायकोचं नाव युए-शिया. भांडी, भाज्या आणि वाढप सांभाळणाऱ्या अकरा बायकांची ती प्रमुख, आणि उस्तादांची तर आहेच. डॉक्टरकडून परतल्यावर तिने भिंतीवरची पळी काढली, कपाटात ठेवली, किल्ली कमरेला लावली आणि मग बोलायला सुरुवात केली.

“म्हाताऱ्या माकडा, नीट ऐक. घरात मशीन येणार. रोज संध्याकाळच्या जेवणानंतर दोन तासांनी तू मोजणार. देवाच्या वाढदिवसाआधीचे सात दिवस सलग एकशे ऐंशीच्या आत आलास, तर पळी तुझी. एक दिवस जरी वर गेलास, तर चाखायला बो-रुइ.”

बो-रुइ म्हणजे जावई. पोरगा गुणी, हात स्वच्छ, सुरी चालवण्यात तरबेज. पण उत्तरेकडचा, आमच्यासारखी रश्शातसुद्धा साखर घालण्याची तिकडे रीत नाही. स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत त्याने कांद्याच्या रश्शाचा घोट घेऊन, अतिशय नम्रपणे, “यात साखर चुकून पडली का?” असं विचारलं होतं. त्याला चार वर्षं झाली. गल्लीत ते वाक्य अजून लहान मुलांना पाठ आहे.

“बो-रुइ चाखणार?” उस्ताद म्हणाले. “ऐंशी टेबलांना आजाऱ्याचं जेवण? त्यापेक्षा मी मेलेला बरा.”

“मशीन नाही आणलंस तर तेही होईल,” युए-शिया म्हणाली. “आधी काय हवं ते ठरव.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेले. मला बरोबर घेतलं, कारण डब्यावरची अक्षरं बारीक असतात आणि त्यांच्या मते बारीक अक्षरं वाचण्यासाठीच सरकार मला निवृत्तिवेतन देतं. दुकानातल्या फांगबाईंनी तीन मशीनं काउंटरवर मांडली. पहिलं साधं, पट्ट्यांच्या चार डब्या घेतल्या की फुकट. दुसरं मोबाइलला आकडा पाठवणारं. तिसरं बोलणारं, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी.

“यातलं सगळ्यांत कमी कुठलं दाखवतं?” उस्तादांनी विचारलं.

फांगबाईंनी चष्मा वर केला. “काका, हा काय कलिंगडाचा भाव आहे? तिन्ही खरं तेच दाखवतात. थोडंफार इकडेतिकडे. शंभरामागे पंधरापर्यंत फरक चालतो.”

हे शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं. शंभरामागे पंधरा. बाजारात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला तराजूतला फरक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आणि फरक आहे म्हटल्यावर तो कोणाच्या बाजूचा, एवढाच प्रश्न उरतो.

“तिन्हींवर मोजा,” उस्ताद म्हणाले आणि डाव्या हाताची तीन बोटं पुढे केली, एकेका मशीनला एकेक. फांगबाईंनी दर वेळी नवी सुई लावली. साध्या मशीनने दोनशे एकोणीस दाखवलं. मोबाइलवाल्याने दोनशे एकतीस. तिसऱ्याने एक छोटी शिटी वाजवली आणि आगगाडीच्या फलाटावर बोलतात तशा गोड बाईच्या आवाजात, दुकानभर ऐकू जाईल असं सांगितलं, “आपली रक्तशर्करा दोनशे चव्वेचाळीस आहे. कृपया डॉक्टरांचा सल्ला घ्या.”

खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या दोन मावश्यांनी मागे वळून पाहिलं. एक म्हणाली, “अगं बाई, उस्ताद का?”

उस्तादांनी शांतपणे साध्या मशीनवर हात ठेवला. “हे प्रामाणिक दिसतंय.”

“तुम्हाला सगळ्यांत कमी दाखवलं म्हणून?” मी म्हणालो.

“गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात. मी जाऊन विचारून येतो.”

कोणाला विचारणार ते मी विचारलं नाही. समोर देऊळच होतं. आजाराचा विषय, त्यातून देव डॉक्टर. फांगबाईंनीही तिन्ही डबे पिशवीत घालून दिले. आमच्याकडे दुकानदारांना हे नवं नाही. गेल्या वर्षी एकाने शीतकपाट असंच निवडलं, फक्त ते पिशवीत मावेना म्हणून त्याचा फोटो नेला होता.

देवाचा कौल घ्यायला लाकडाच्या दोन पाकळ्या असतात, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि प्रश्न सांगून टाकायच्या. एक सपाट आणि एक फुगीर वर आली तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर आल्या तर नकार. दोन्ही सपाट आल्या तर देव हसला. महत्त्वाच्या कामाला सलग तीन होकार लागतात.

उस्तादांनी साधं मशीन देवापुढे ठेवलं, पुटपुटले, पाकळ्या टाकल्या. देव हसला. मोबाइलवालं ठेवलं. देव हसला. बोलणारं ठेवलं, आवाज बंद आहे ना ते बघून. नकार. पुन्हा साधं. हसला. पुन्हा साधं, या वेळी पिशवीतून संत्री काढून वाहिली. तरी हसला. मागे रांग लागली. परीक्षेला बसणारी एक मुलगी आईला म्हणाली, “देव आज मूडमध्ये आहे.”

देवळाचे रखवालदार लिआवकाका झाडू टेकवून बघत होते. ते म्हणाले, “चुआन, तू विचारतोयस तरी काय?”

“मशीन कुठलं घेऊ.”

“नेमके शब्द सांग.”

उस्ताद जरा खाली आवाजात म्हणाले, “यातलं कुठलं माझा आकडा नीट कमी दाखवेल?”

लिआवकाकांनी झाडू भिंतीला लावला, म्हणजे विषय गंभीर होता. “अरे, तो डॉक्टर आहे! त्याने पडद्याआडून, राणीच्या मनगटाला बांधलेल्या दोऱ्यावरून नाडी ओळखली. त्याला विचारतोस कुठला दोरा खोटं बोलेल? हसेल नाहीतर काय करेल?”

“दोऱ्याने ओळखत होता ना? मग मला सुई कशाला?”

“तू राणी नाहीस म्हणून. नीट विचार. ज्याची तुला खरी भीती वाटते ते विचार.”

उस्तादांनी मशीनं बाजूला सारली. मग बऱ्यापैकी मोठ्या आवाजात, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणाले, “देवा, तुझ्या वाढदिवसाला पळी माझ्या हातात असेल का?”

होकार. रांग पुढे सरकली. पुन्हा टाकल्या, होकार. रांगेतल्या मुलीने आईचा हात धरला. तिसऱ्या वेळी उस्तादांनी जरा जोर लावला. एक पाकळी पायाशी सपाट बाजू वर करून पडली. दुसरी फरशीवरून घरंगळत गेली ती थेट देव्हाऱ्याखाली, काळ्या वाघाच्या मूर्तीखालच्या चौरंगाआड. वाघ देवाचा रुग्ण. घशात अडकलेलं हाड काढल्यापासून तिथेच बसून आहे.

“काढा की,” कोणीतरी म्हणालं.

“वाघाखालचं वर्षातून एकदाच निघतं,” लिआवकाका म्हणाले. “वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. पाकळ्यांचे दुसरे जोड आहेत. चुआन, पुन्हा टाक.”

पण उस्तादांनी हात मागे घेतला. पुन्हा टाकायच्या म्हणजे हाती आलेले दोनही जाण्याची भीती. “असू दे,” ते म्हणाले. “एक सपाट तर दिसतेय. म्हणजे आत फुगीर असेल तर होकार, सपाट असेल तर हसला. नकार तर होऊच शकत नाही. अडीच होकार झाले.”

“देवाने नकार दिला नाही,” मागून आवाज आला. “मी दिलाय.”

युए-शिया. फांगबाईंच्या दुकानातल्या मावश्यांनी तिला वाटेतच गाठलं होतं. तिने नवा जोड उचलला, नाव-पत्ता एका दमात सांगितला आणि म्हणाली, “देवा, मशीन मी निवडू?”

होकार, होकार, होकार. इतक्या भराभर की लिआवकाका म्हणाले, “हा वाट बघत असल्यासारखा दिसतोय.”

तिने बोलणारं उचललं.

“ते दोनशे चव्वेचाळीस दाखवतं!” उस्ताद ओरडले.

“म्हणूनच. आणि मला भांड्यांच्या आवाजात ऐकू येईल.”

तर अशा रीतीने मशीन घरात आलं. रोजचे आकडे वहीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण पहिल्या दिवशी उस्तादांनी स्वतः लिहिलं तेव्हा दोनचा एक झाला होता.

संध्याकाळी साडेसातला गल्ली शांत होऊ लागली. लोक टीव्हीचा आवाज कमी करत. शिटी वाजे, गोड आवाज येई, “आपली रक्तशर्करा दोनशे एकवीस आहे,” आणि समोरच्या फळवाल्याच्या गाडीवरून विचारणा येई, “उस्ताद, जेवणात काय, नूडल्स?” उस्ताद खिडकीतून सांगत, “अर्धी वाटी!” पलीकडच्या घरातून कोणीतरी म्हणे, “वाटी केवढी?”

त्यांनी मशीनवर टॉवेल टाकून पाहिला, तोच मोफतचा. आवाज घोंगडीतून आल्यासारखा यायला लागला, पण आकडे स्पष्ट होते. संडासात नेऊन मोजलं, तर संडास घुमतो. चौथ्या दिवशी शिटी वाजली आणि आवाज म्हणाला, “चौऱ्याण्णव.” गल्लीत टाळ्या सुरू होणार एवढ्यात युए-शियाचा आवाज आला.

“चौऱ्याण्णव? तू जन्मलास तेव्हासुद्धा चौऱ्याण्णव नसशील. कोणाचं बोट?”

बो-रुइ उत्तरेकडचा असला तरी खोटं बोलू शकत नाही. त्याने पट्टी बांधलेलं बोट वर केलं. मी वहीत ‘चौऱ्याण्णव, जावई’ असं लिहिलं.

त्यानंतर मात्र उस्ताद चालायला लागले. सकाळी देवळाला दहा फेऱ्या. भात अर्धा. दुधाचा चहा बंद. टपरीवरच्या पोरीला त्यांनी ‘साखर नको’ म्हटलं तेव्हा तिने दोनदा विचारून खात्री केली. गोळ्या वेळेवर. आकडा एकशे अठ्ठ्याण्णव झाला, मग एकशे नव्वद. सात दिवसांची मोजणी सुरू झाली तेव्हा एकशे शहात्तर, मग एकशे एकाहत्तर, एकशे अडुसष्ट. फळवाल्याने न मागता पेरू कापून पाठवले. माझ्या लक्षात आलं की गल्लीतली इतर काही वडीलधारी मंडळीही अर्धाच भात खाऊ लागली होती. दुसऱ्याचे आकडे ऐकताना स्वतःचं ताट दिसतं.

सहावा दिवस वाढदिवसाच्या आदल्या दिवसाचा आदला. घरासमोर तयारी सुरू झाली होती. युए-शियाच्या बायका कोळंबी सोलत होत्या, बो-रुइ बदकांची पिसं काढत होता. उस्तादांना पळी नव्हती, पण हात होते, म्हणून ते अष्टरत्न नावाच्या गोड भातात घालायच्या कोहळ्याच्या पाकवलेल्या वड्या चुरत बसले होते. एकही तोंडात टाकली नाही. हे अकरा बायकांनी पाहिलं आहे. त्या त्यासाठीच बघत होत्या. साडेसातला ते उठले, हात एप्रनला पुसले आणि बोट टोचलं.

“आपली रक्तशर्करा तीनशे अठ्ठ्याऐंशी आहे. कृपया त्वरित डॉक्टरांचा सल्ला घ्या.”

गल्लीत एक टीव्हीसुद्धा वाजत नव्हता.

“मी काही खाल्लं नाही,” उस्ताद म्हणाले. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर आम्हांला बरं वाटलं असतं. त्यांनी मशीन खाली ठेवलं आणि बो-रुइकडे बघून म्हणाले, “रश्शात साखर शेवटी घालायची. कांदा लाल झाल्यावर. आधी घातलीस तर कडू होईल. लिहून घे.”

बो-रुइने वहीसाठी माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बदकांची पिसं काढताना येत नाही ते.

युए-शियाने कमरेची किल्ली चाचपली. एका हाताने नवऱ्याला आणि दुसऱ्या हाताने मशीन धरून ती कोपऱ्यावर निघाली. मागून मी, वही घेऊन. मागून बायका, हातमोज्यांसकट.

फांगबाई शटर ओढायच्या बेतात होत्या. आकडा त्यांनी ऐकला होताच, दुकान फार लांब नाही. त्यांनी उस्तादांचा चेहरा पाहिला, जीभ पाहिली, मग बोट हातात घेतलं आणि नाकाशी नेलं.

“काका, काय करत होतात?”

“कोहळा चुरत होतो.”

“पाकातला?”

“मग काय मिठातला?”

“हात धुतले?”

“पुसले.”

“पुसले!” फांगबाई म्हणाल्या. “बोटावरच्या पाकात रक्ताचा थेंब कालवून दिलात मशीनला. ते बिचारं काय करणार? जा, साबणाने धुऊन या. कोरडे करा. दुसरं बोट.”

दुकानाच्या मोरीपाशी उस्तादांनी हात धुतले, ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे, कोपरापर्यंत. दुकानासमोर दहाबारा माणसं उभी. शिटी वाजली.

“आपली रक्तशर्करा एकशे चौसष्ट आहे.”

बायकांनी हातमोज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याचा आवाज फार विचित्र येतो. पण उस्ताद हसले नाहीत. ते मशीनकडे बघत होते, बाजारात एखादा अनोळखी मासेवाला पहिल्याच दिवशी खरं वजन देतो तेव्हा बघतात तसे.

“म्हणजे बोटावर चिकटलेलं एवढंसं,” ते म्हणाले, “ते हिला कळलं?”

“कळलं की.”

“मला नसतं कळलं.” मग मशीनकडे बोट करून, “पोरीची जीभ चांगली आहे.”

त्या दिवसापासून मशीन ‘ती पोरगी’ झालं. माझ्या माहितीत उस्तादांनी दुसऱ्या कोणाच्या जिभेला चांगलं म्हटल्याचं हे पहिलंच उदाहरण. जावयाने ते ऐकलं आणि नक्कीच मनात ठेवलं असणार.

सातव्या दिवशी, धुतलेल्या हाताने, एकशे एकोणसाठ. वाढदिवसाच्या सकाळी युए-शियाने कपाट उघडलं आणि पळी पदरात घ्यावी तशी एप्रनमध्ये धरून आणली.

“अट आहे,” ती म्हणाली.

“अजून?”

“चाखायचं, गिळायचं नाही. शेजारी वाडगा ठेवलाय. थुंकायचं.”

“देवाच्या मेजवानीत थुंकू?”

“देव डॉक्टर आहे. त्याला समजेल.”

दिवसभर उस्ताद ताडपत्रीखाली बारा पातेल्यांभोवती फिरले, चाखत आणि थुंकत, अतिशय रुबाबात, जणू ही पद्धत त्यांनीच काढली. कांद्याच्या रश्शापाशी थांबले, चाखलं, थुंकलं, साखरेच्या डब्यात बोटं घातली. मग पळी बो-रुइपुढे धरली.

“चाख.”

बो-रुइने चाखलं. ताडपत्रीखाली सगळ्यांचे हात थांबले.

“थोडी कमी आहे,” जावई म्हणाला.

“काय कमी आहे?”

“साखर.”

उस्तादांनी आणखी एक चिमूट घातली आणि पातेलं उतरवलं. ऐंशी टेबलं जेवली. अकरा नंबरच्या टेबलावरून रश्शाचं पातेलं पुन्हा मागवलं गेलं. उस्ताद स्वतः मात्र भाताची अर्धी वाटी घेऊन माझ्याशेजारी बसले आणि घड्याळ बघत राहिले, कारण दोन तासांनी पोरगी बोलणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिआवकाका बोलवायला आले. वाघाखालचं झाडायचं होतं. उस्ताद, युए-शिया आणि मी गेलो. लिआवकाका पोटावर पडले, झाडूचा दांडा आत घातला, पण पाकळी ओढून काढली नाही. “जशी आहे तशी बघ,” म्हणाले आणि बॅटरी उस्तादांच्या हातात दिली.

उस्ताद गुडघ्यांवर टेकले. बॅटरी आत मारली.

“काय?” युए-शियाने विचारलं.

“सपाट.”

“म्हणजे हसला.”

“हसला,” उस्ताद म्हणाले आणि उठून गुडघे झटकले. मग देवळाच्या नळापाशी जाऊन साबण मागितला. साडेसातला अजून पुष्कळ वेळ होता, पण आता त्यांना सवय लागली होती.